चार नंबरची किल्ली

आमच्या मजल्यावर वीस खोल्या आणि चार संडास. लालबागच्या जुन्या चाळींच्या मानानं ही वाटणी बरीच म्हणायची. सकाळी सहा ते आठ कोण किती वेळ आत होतं, कुणाचं पोट बिघडलंय, कुणाकडे पाहुणे आलेत, हे आमच्याकडे कुणाला विचारावं लागत नाही. अशा मजल्यावर राहून, मला संडासवाटे रक्त जातंय ही गोष्ट मी आठ महिने लपवली.

सुरुवात २०२१ च्या गणपतीत झाली. मी घरी ब्लाउज शिवते. गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस मशीनवरून उठायला होत नाही, तेव्हा बसून बसून उष्णता झाली असेल, असं मीच ठरवून टाकलं. रक्त लालभडक, पण दुखत काही नव्हतं. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि मूळव्याध म्हणून मलम आणि इसबगोल दिलं. दिवाळीनंतर एका क्लिनिकात गेले, नाव सांगत नाही. बाहेर पाटी होती : मूळव्याध, भगंदर, फिशर, बिनटाका, बिनभूल. तिथे पुड्या, तेलाची बाटली आणि दर पंधरवड्याला पाचशे रुपये. दोन्हीकडे मिळून एकदाही कुणी 'टेबलावर झोपा, तपासतो' म्हटलं नाही. आणि खरं सांगायचं तर कुणी म्हटलं नाही म्हणून मला सुटल्यासारखंच वाटलं.

मूळव्याधीत न बसणाऱ्या गोष्टी नंतर सुरू झाल्या. जाऊन आलं तरी आत काहीतरी राहिलंय असं वाटायचं. दहा मिनिटांत पुन्हा जावं तर नुसती चिकट आव पडायची. २०२२ च्या मे महिन्यात एका गिऱ्हाइकाचं माप घेऊन झाल्यावर सहज टेप स्वतःच्या कमरेला लावली, तर चार इंच कमी. त्या दिवशी मुलीला सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती मला एका बाई सर्जनकडे घेऊन गेली.

त्यांनी डाव्या कुशीवर वळायला सांगितलं, गुडघे पोटाशी. हातमोजा, जेली, एक बोट. मिनिटभरसुद्धा लागलं नाही. "मावशी, गाठ लागतेय बोटाच्या टोकाला. दुर्बिणीनं बघायला हवी." इकडे आठ महिने आणि तिकडे एक मिनिट, हा हिशेब अजून माझ्या डोक्यातून जात नाही. मूळव्याध असली तरी पहिल्याच भेटीत बोट घालून बघायला हवं होतं, असं त्या बाई सरळ म्हणाल्या. रक्तातलं हिमोग्लोबिन साडेआठ निघालं.

दुर्बिणीच्या आदल्या दिवशी पोट साफ करणारी पेगलेकची पूड दोन लिटर पाण्यात घालून दोन तासांत प्यायची असते. लिंबाच्या चवीचं खारट पाणी, दुसऱ्या लिटरला घशाखाली उतरत नाही. पण पिण्याचं सोडा. प्यायल्यावर चार-पाच तास जे होतं, ते वीस खोल्या आणि चार संडासांत कसं निभवायचं? डोंबिवलीला नणंदेकडे ब्लॉक आहे, पण तिथून पहाटे परळला यायचं म्हणजे वाटेत लोकलमध्ये काय होईल या विचारानंच घाम फुटला. शेवटी सात नंबरच्या काकूंना सांगितलं. सगळं. रक्त, गाठ, पूड.

काकू काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी शेवटच्या संडासाला पितळी कुलूप लागलं होतं आणि किल्ली माझ्या हातात होती. "चार नंबर आज हिचा. कुणाला घाईची लागली तर दुसऱ्या मजल्यावर जा," असं त्यांनी गॅलरीत उभं राहून सांगितलं. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. वीस खोल्यांना पाच मिनिटांत कळलं. पण त्या रात्री मी नऊ वेळा गेले आणि नऊही वेळा दार मोकळं होतं.

तुकडा तपासायला गेला, कॅन्सर निघाला. मग पोट-छातीचा सीटी आणि कमरेचा एमआरआय. एमआरआय कशाला, तर गाठ आतड्याच्या भिंतीत किती खोल गेली आहे आणि भोवतालच्या चरबीतल्या बारीक लिम्फच्या गाठींपर्यंत पोचली आहे का, हे त्यात दिसतं. माझी गुदाशयात होती, बाहेरच्या तोंडापासून सात सेंटिमीटरवर. भिंत ओलांडून थोडी चरबीत गेलेली. लिव्हर आणि फुप्फुसं स्वच्छ. म्हणून आधी शेक, म्हणजे रेडिएशन, मग ऑपरेशन.

आमचं लालबाग-परळ म्हणजे हॉस्पिटलांचंच गाव. केईएम १९२६ पासूनचं, टाटा १९४१ पासूनचं. हिंदमाताला अस्तर घ्यायला जाताना मी वर्षानुवर्षं त्याच रस्त्यांनी गेले. फुटपाथवर फाइल छातीशी धरून बसलेली बिहार-बंगालची माणसं रोज दिसायची, पण मी कधी नीट बघितलं नव्हतं. आता हातात तसलीच फाइल घेऊन मी त्या गर्दीत शिरले, फरक इतकाच की रात्री झोपायला माझी खोली होती.

शेक पाच आठवडे, शनिवार-रविवार सोडून रोज, एकूण पंचवीस. कमरेवर गोंदणाचे बारीक ठिपके देतात, रोज त्याच जागी किरण पडावेत म्हणून. मूत्राशय भरलेलं लागतं, त्यामुळे अर्धा लिटर पाणी पिऊन नंबर येईपर्यंत रोखून बसायचं. सोबत सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर केमोच्या गोळ्या. चौथ्या आठवड्यात खालची कातडी भाजल्यासारखी झाली. बाकी त्यात सांगण्यासारखं फार नाही. कंटाळा मात्र पुष्कळ.

नंतर दहा आठवडे थांबायचं, तेवढ्यात गाठ आकसते. त्या दहा आठवड्यांत २०२२ चे गणपती आले. करोनानंतरचे पहिले मोकळे गणपती, लालबागला पाय ठेवायला जागा नव्हती. मी गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. त्या वर्षी एकही ब्लाउज घेतला नव्हता.

ऑपरेशनच्या आधी हॉस्पिटलातल्या सर्जननी कागदावर चित्र काढून समजावलं. गाठ आणि तिच्या खालचं थोडं चांगलं आतडं कापायचं, मग वरचं आतडं खाली ओढून आणून जोडायचं. जोड टिकायला दोन गोष्टी लागतात : त्यावर ताण नको आणि दोन्ही कडांना रक्त पोचायला हवं. मी म्हटलं, "म्हणजे कापड कमी पडत असेल तर ओढून शिवायचं नाही." ते हसले. "बरोबर. म्हणून डाव्या बाजूला वर, प्लीहेपाशी आतड्याचं जे वळण आहे, ते सोडवून घेतो. तिथून लांबी मिळते." शिवणीच्या कडेला आम्ही जे जास्तीचं कापड ठेवतो त्याला माया म्हणतात. ते मी त्यांना सांगितलं, तर पुढच्या प्रत्येक राउंडला ते शिकाऊ डॉक्टरांना विचारायचे, "या मावशींची माया कुठून काढली?"

त्यातल्याच एका मुलानं मला दुसरी गोष्ट सांगितली. पूर्वी गुदाशय हातानं ओरबाडल्यासारखा सोडवायचे, भोवतालची चरबी फाटायची, आणि त्याच जागी गाठ पुन्हा यायची. बिल हील्ड नावाच्या इंग्रज सर्जननं १९८२ मध्ये मांडलं, की चरबीचं आवरण न फाटता, आतल्या गाठींसकट, अख्खं पुडकं बाहेर काढा. तेव्हापासून चित्र पालटलं. मला ते पटलं. उसवताना घाई केली की कापड जातं.

पण ताण नसला तरी शेक घेतलेल्या जागेतला जोड कच्चा असतो, गळू शकतो. म्हणून तो भरून येईपर्यंत मळ तिथे जाऊच द्यायचा नाही. लहान आतड्याचा एक फास उजव्या पोटावर बाहेर काढायचा (त्याला स्टोमा म्हणतात), त्याला पिशवी लावायची, काही महिन्यांनी परत आत घालायचा. कॅन्सर शब्द ऐकून मी रडले नव्हते. पिशवी ऐकून रडले.

आदल्या दिवशी स्टोमा नर्स मार्कर पेन घेऊन आली. "साडी नेसा, मावशी. परकराची नाडी रोज बांधता तिथेच बांधा." मग मला झोपवलं, उभं केलं, वाकवलं. "आता मशीनवर बसता तसं बसा." मी स्टुलावर बसून पाय हलवले तशी पोटाला नेमकी तिच्या खुणेवर वळी पडली. तिनं ती खूण पुसून बोटभर वर घेतली. वळीत पिशवीची चकती चिकटत नाही आणि नाडीखाली आली तर दिवसभर घासते. पाच मिनिटांचं काम, पण पुढचे सात महिने त्या बोटभर अंतरावर काढायचे होते. माप घ्यावं तर असं.

ऑपरेशन साडेचार तास चाललं, दुर्बिणीनंच. पोटावर चार भोकं आणि पेडूवर एक आडवी चीर. शुद्धीवर आल्यावर पहिला हात उजव्या पोटाकडे गेला. दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसवलं, तिसऱ्या दिवशी चालवलं. तीन गोळ्यांच्या यंत्रात श्वास ओढायचा आणि च्युइंग गम चघळायचं, चघळल्यानं आतड्याला जाग येते म्हणे. वॉर्डात मला सगळे मावशी म्हणत आणि आयाबाईंनाही मावशी. "मावशी, पॉट द्या" अशी हाक आली की आम्ही दोघी वळून बघायचो.

हा स्टोमा म्हणजे ओठाच्या आतल्या बाजूसारखा लाल, ओला, बटणाएवढा गोळा. हात लावला तर काही जाणवत नाही, तिथे वेदनेच्या नसा नसतात. पण तो स्वतः हलतो. मनाला येईल तेव्हा वाहतो, विचारत नाही. मुलीनं त्याला रावसाहेब नाव ठेवलं. "रावसाहेब उठले का?" एवढं विचारलं की यांनाही कळायचं.

पिशवीची चकती दर तीन-चार दिवसांनी बदलायची. तिच्या मधोमध स्टोमाच्या मापाचं भोक कापायचं, कडेला एक-दोन मिलिमीटरच फट. जास्त राहिली तर पाझर कातडीवर येतो, आणि लहान आतड्याचा पाझर कातडी अक्षरशः खातो. माझं पहिलंच भोक बघून नर्सनं शेजारच्या बेडवरच्या काकांच्या मुलाला माझ्याकडे पाठवलं. मी त्याला वाकड्या कात्रीनं कापायला शिकवलं. पहिले दोन महिने स्टोमा आकसत जातो, दर आठवड्याला माप पुन्हा घ्यायचं, हेही सांगितलं. ऑपरेशननंतर पहिल्यांदा काहीतरी येतंय असं वाटलं.

अहवाल आला. चरबीतल्या सोळा गाठी तपासल्या, एकाही गाठीत कॅन्सर नाही. कडा स्वच्छ. ऑक्टोबर उजाडता उजाडता घरी आले.

आणि घरी फसले. ऑक्टोबरचा उकाडा, पत्र्याखालची खोली. पिशवी दिवसातून आठ-आठ वेळा रिकामी करावी लागत होती, पातळ पाणी. तहान लागायची म्हणून मी साधं पाणी पीत होते, चार-चार लिटर. पंधराव्या दिवशी पायात गोळे आले, उठताना डोळ्यांपुढे अंधारी. परत भरती, दोन दिवस सलाईन, किडनीचे आकडे वाढलेले. तेव्हा कळलं की लहान आतडं बाहेर काढलं की मीठ पण बाहेर जातं, आणि नुसतं पाणी प्यायलं की ते आणखी मीठ ओढून घेऊन पिशवीत येतं. ओआरएस प्यायचं, ताकात मीठ घालायचं, पिशवीत दिवसाला लिटर-दीड लिटरच्या वर आलं तर कळवायचं. डिस्चार्जच्या कागदावर हे लिहिलेलं होतं. बारीक इंग्रजीत, चौथ्या पानावर. इतकी मोठी शस्त्रक्रिया इतकी नीट करणारी माणसं एवढी एक ओळ मराठीत मोठ्यानं का सांगत नाहीत, हा माझा राग अजून गेलेला नाही.

खाण्याचं म्हणाल तर आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर चिवडा गल्ली. शेंगदाणे, खोबरं, मका सगळं बंद, अडकतं. कांदा, लसूण, अंडं, सुका बोंबील खाल्ला तर पिशवी उघडताना वास मारतो. एकदा आठ नंबरवाल्या आजींनी हौसेनं बीटाची कोशिंबीर पाठवली, दुसऱ्या दिवशी पिशवी लाल. मी फोन करून रडत नर्सला सांगितलं. ती म्हणाली, "काल काय खाल्लं होतं, मावशी?"

चाळीत पिशवी कशी रिकामी करायची याचंही एक शास्त्र झालं. उकिडवं बसून जमत नाही. चार नंबरमध्ये लाकडी पाट ठेवला, त्यावर बसून पुढे वाकून रिकामी करायची, टोक कागदानं पुसायचं, क्लिप लावायची. तिसऱ्या हिश्शापर्यंत भरली की जायचं, जास्त वाट बघितली की वजनानं चकती सुटते. रात्री दोनला एकदा, पाचला एकदा. कुलूप आता कायमचं झालं होतं. बारा नंबरवाले कुरकुरले, आमच्या तोंडावर नाही, पाण्याच्या टाकीपाशी. चूक नव्हती त्यांची, सकाळी त्यांच्याकडे सात माणसं. मी सकाळी सहा ते आठ किल्ली त्यांच्या दारावर अडकवायला लागले.

घामानं प्लास्टिक पोटाला चिकटतं. मग उरलेल्या सुती अस्तराच्या खोळी शिवल्या, मागे चकतीपुरतं भोक, खाली मोकळं तोंड. परकराची नाडी काढून रुंद पट्टी लावली, हूक डाव्या कुशीला. नर्सनं ते फोटो काढून कुणाकुणाला दाखवले. त्या वर्षी मी ब्लाउजांपेक्षा खोळी जास्त शिवल्या. पैसे अस्तरापुरतेच घेतले.

नोव्हेंबरपासून उरलेली केमो, गोळ्यांचीच. तळहात-तळपाय लाल होऊन सोलायला लागले, बोटांच्या टोकांना भेगा. सुई धरता येईना. रेशनच्या दुकानात अंगठा मशीनला लागेना, दहाही बोटं लावून झाली. दुकानदार म्हणाला, "ताई, तुमचे ठसेच नाहीत." मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. मीही हसले, काय करणार?

२०२३ च्या एप्रिलमध्ये पिशवी गेली. आधी खालून औषध सोडून एक्स-रे काढला, जोड कुठे गळत नाही ना बघायला. मग तासाभराचं ऑपरेशन, चार दिवसांत घरी. मला वाटलं, संपलं.

पुढचं कुणीच पुरतं सांगत नाही. गुदाशय म्हणजे साठवण्याची पिशवी होती, तीच गेली. वरून आणलेलं आतडं साठवायला शिकलेलं नसतं. पहिल्या आठवड्यात मी दिवसाला चौदा वेळा गेले, तेही एकामागून एक. आत्ता गेलं, हात धुतले, दारापर्यंत आले की परत. वारा आहे की शौच, ते कळायचं नाही. पिशवीच बरी होती असं मी यांना एका रात्री म्हटलं. त्यांनी काही उत्तर दिलं नाही, नुसते उठून गॅलरीचा दिवा लावून आले.

हळूहळू बसलं. इसबगोल, पण कमी पाण्यात, घट्ट व्हायला. बाहेर जायच्या आधी अर्धी लोपेरामाइड, जुलाब रोखणारी गोळी. खालचे स्नायू आवळून धरायचा व्यायाम, मी तो मशीनवर बसून करायची, कुणाला कळत नाही. झिंकचं मलम. काय खाल्लं आणि किती वेळा गेले, हे मापाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहीत गेले. श्रावणात आठ, गणपतीला पाच. डोंबिवलीला जाताना अपंगांच्या डब्यात चढते, तिथे कॅन्सरच्या पेशंटना मुभा आहे. पहिल्यांदा एक बाई म्हणाली, "धडधाकट तर दिसता." मी फाइल काढली, उघडली नाही, मांडीवर ठेवली. तिनं सरकून जागा दिली.

वर्ष झालं म्हणून परत दुर्बीण लागली. रक्ताची तपासणी दर तीन महिन्यांनी चालूच होती. विसर्जन आटोपलं होतं, रस्त्यावर अजून गुलाल होता. पेगलेकचं पाकीट आणून ओट्यावर ठेवलं आणि सात नंबरच्या दारात गेले. मधल्या दोन महिन्यांत चार नंबरचं कुलूप मीच काढून काकूंना दिलं होतं.

"काकू, उद्या पूड आहे."

त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर केली नाही. "किल्ली खिळ्यालाच आहे. आणि आज रात्री मऊ भातच खा."